हिरव्या शाईतला सा

रविवार, १८ फेब्रुवारी २००७, दुपारी चार. संगीताचा वर्ग, शाळेचा वरचा मजला.

हजर: सरांच्या पत्नी सुवर्णावहिनी, सकाळच्या एस.टी.ने गडहिंग्लजहून आलेल्या. मोठे सर, म्हणजे आपले निवृत्त मुख्याध्यापक, काठी टेकत. मारुती शिपाई. शिक्षक नऊ. जुने विद्यार्थी चौदा, त्यांत शुभांगी. आणि मी. एकूण सत्तावीस.

गुरुपाद सर, कागदावर मात्र अठ्ठावीस नावं आहेत. यादी मी आदल्या दिवशीच करून ठेवली होती. सह्या घेताना मारुतीने कागद माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाला, "बाई, पाच नंबरला सरांचं नाव हाय की." तेरा वर्षं शिक्षकांच्या यादीत तुम्ही पाचवे होता. हात आपोआप लिहून गेला. खोडायला पेन काढलं, टोपण उघडलं आणि परत लावलं. तुमच्या शोकसभेच्या हजेरीत तुमचं नाव आहे आणि पुढचा रकाना मोकळा आहे. असा कागद माझ्या फाइलीत पहिल्यांदाच लागला.

तुम्ही जाऊन त्या दिवशी अकरा दिवस झाले होते. तुमचं शिक्षण, तुमचं गाव, तुमची नोकरी, हे सगळं बाकीचे बोलले. मी उभी राहिले तेव्हा हातातल्या चिठ्ठीवर चार मुद्दे होते. तीन बोलले. चौथ्यापाशी आले, मोठ्या सरांकडे पाहिलं आणि खाली बसले. चिठ्ठीवरचा मुद्दा न बोलता मी कधी बसत नाही, हे तुम्ही सोडून कुणाच्या लक्षात आलं नसतं. तो चौथा मुद्दा इथे लिहिते आहे. शाळेच्या वार्षिक अंकासाठी तुमच्यावर लेख मागितला आहे. अंक मुलांच्या हातात जातो, पालक वाचतात, मोठ्या सरांना घरपोच जातो. म्हणूनच इथे.

तो मुद्दा कळायला पियानो शाळेत आला तिथपासून सांगावं लागेल. १९९४चा जून. कसबा बावड्याच्या एका वयस्क डॉक्टरीणबाई मुलाकडे कायमच्या निघाल्या होत्या. त्यांनी आपला पियानो शाळेला द्यायचं ठरवलं आणि अट घातली: दर रविवारी गडहिंग्लजहून आपल्याकडे शिकायला येणारा जो पेटीमास्तर आहे, त्यालाच शिकवायला नेमा. तो पेटीमास्तर म्हणजे तुम्ही. ऊस वाहायच्या ट्रॉलीतून पियानो आला. अंगाला गुळाचा वास, वर गोणपाट, कडेला धरून उभे तुम्ही. उचलायला आलेल्यांतला एक पहिल्याच पायरीवर थांबला.

"पावणं, पेटी लई जड हाय की!"

"पेटी न्हाय, पियानो हाय," तुम्ही खालून ओरडलात.

"मग उचलायला बी पियानोवालीच माणसं बोलवायची व्हती!"

जिन्याच्या वळणावर तो एकदा आपटला. वर जाऊन तुम्ही सगळ्या पट्ट्या एकेक करून दाबून पाहिल्या. एक पट्टी खाली जायची, वर यायची, आवाज मात्र नाही. मी वहीत लिहिलं: मुकी पट्टी, दुरुस्ती. पुण्याहून मिस्त्री बोलवायचा होता. दर जूनला तो मुद्दा मी नव्या यादीत उतरवत गेले.

पाचवी ते सातवी, एका वर्गात पंचेचाळीस मुलं आणि पियानो एक. पहिल्याच आठवड्यात तुम्ही माझ्या टेबलापाशी आलात. "अक्का, पुठ्ठे पायजेत." वयाने तुम्ही मोठे, तरी पहिल्या दिवसापासून मला अक्का म्हणायचात. तुमच्या गावाकडची ती रीत. मी विचारलं, किती? म्हणालात, पंचेचाळीस, हातभर लांब. जुन्या वह्यांचे आणि कापडदुकानातल्या खोक्यांचे पुठ्ठे मी गोळा केले. तुम्ही त्यांवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्या आखल्या. एक मूल पियानोवर, बाकीची चव्वेचाळीस पुठ्ठ्यावर.

माझी खोली बरोबर तुमच्या वर्गाखाली. वरून संगीत फारसं यायचं नाही. यायचं ते मोजणं. पंचेचाळीस मुलं एका सुरात: "एक, दोन, गप, चार. एक, दोन, गप, चार." पाश्चात्त्य लिपीत जिथे वाजवायचं नसतं तिथे एक वाकडं चिन्ह असतं. त्याला तुम्ही 'गप' म्हणायचात. पहिल्या वर्षी मला वाटलं, तुम्ही मुलांना दटावताय. वर आले तर तुम्ही फळ्यापाशी उभे आणि पोरं हसतायत.

"गप म्हणजे थांबायचं न्हाय," तुम्ही सांगत होता. "गप बी मोजायचा. जो गप मोजत न्हाय, त्याचं पुढचं सगळं चुकतं."

आणि सूर ज्यांवर टिंबं म्हणून लिहितात त्या पाच रेघांच्या खाली, स्वतःच्या छोट्या रेघेवर बसलेला तो मधला सूर. त्याचं नाव तुम्ही 'पावणं' ठेवलं होतं. वरच्या पाच रेघा उजव्या हाताचं घर, खालच्या पाच डाव्या हाताचं, आणि दोन्ही घरांच्या मधे आपला पाट घेऊन बसलेला पाहुणा. पुठ्ठ्यावर त्याच्या पट्टीवर लाल ठिपका. पोरं आधी पावणं शोधायची, मग तिथून रेघ, जागा, रेघ, जागा असं वर चढायची. मुकी पट्टी पावणं धरून सहावी होती. तिच्यावर बोट आलं की मुलं ती सोडून पुढे जायची. तुम्ही हात धरून ठेवायचात.

"सर, ती वाजत न्हाय."

"पानावर हाय का?"

"हाय."

"मग दाबायची."

"सर, मग तो पण गपच की!"

"न्हाय. गप लिहिलेला असतो. ही पट्टी मुकी हाय, तो तिचा दोष. पानाचा न्हाय."

हे मी दारात उभी राहून ऐकलं होतं आणि मनात म्हटलं होतं, एवढं बारीक कशाला सांगायचं दहा वर्षांच्या पोरांना. आता रोज तेच आठवतं.

आपला वाद एकच होता, पण तो पाच वर्षं चालला. मी म्हणायची, टिंबांच्या खाली सा रे ग म लिहून द्या, मुलं आठवड्यात वाजवायला लागतील. तुम्ही म्हणायचात, मग ती टिंबं कधीच वाचणार नाहीत.

"अक्का, तुम्ही पोराला लिहायला शिकवताना खाली चित्र काढून देता का?"

"पहिलीत देतोच की."

"आणि दुसरीत?"

"दुसरीत काढून घेतो."

"तसं संगीतात काढून घेता येत न्हाय. डोळा एकदा आळशी झाला की झाला."

मी म्हणायची, शेतावरची, गिरणीतली मुलं आहेत, कुणाच्या घरी पियानो येणार नाही, सातवीनंतर ही कधी त्याला हात लावणार नाहीत, तर निदान एकदा तरी नीट वाजवू देत. तुम्ही म्हणायचात, हात नाही लावला तरी चालेल, वाचता आलं पाहिजे. हा वाद मी हरले असं मला आजही वाटत नाही. तुम्हीही हरला नाहीत. तो तिथेच थांबला, आणि थांबला तो माझ्यामुळे.

१९९९चं गॅदरिंग. सातवीच्या दोन मुली, शुभांगी आणि रेहाना, एकाच पियानोवर शेजारी बसून वाजवणार होत्या. पियानो खाली मंडपात आणला होता. प्रमुख पाहुणे यायचे होते आणि सगळी जबाबदारी माझ्याकडे. सकाळच्या तालमीत दोघी दोनदा अडखळल्या. तुम्ही म्हणालात, "संध्याकाळी जमेल. भीती हाय, वाचन न्हाय बिघडलेलं." तुम्ही जेवायला घरी गेलात. मुलींच्या दोन्ही प्रती टेबलावर होत्या. मी माझं हिरवं पेन काढलं, ज्याने वेळापत्रक लिहायची ते, आणि प्रत्येक टिंबाखाली सुबक अक्षरात लिहिलं: सा, रे, ग, म. पाऊण तास लागला. मला फार बरं वाटलं होतं, सर. काम झाल्यावर वाटतं तसं.

संध्याकाळी दोघी बसल्या. तुम्ही बाजूला उभे. तुम्ही हात खाली आणलात आणि दोघींनी सुरुवात केली. रेहानाने पावण्यावर बोट ठेवलं, रोजच्यासारखं. शुभांगीच्या वडिलांची बावड्यात भजनी मंडळी. ते सगळं काळी दोनमध्ये गातात, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या काळ्या पट्टीला सा धरून. ते पोर पाळण्यात असल्यापासून तिचा सा तिथे. दोन वर्षं तिने पियानोवर सा शोधलाच नव्हता, टिंब वाचलं होतं. त्या संध्याकाळी समोर हिरव्या शाईत 'सा' दिसला आणि हात घरी गेला. काळी दोनवर.

दोन मुली, एकच गाणं, दोन वेगळ्या सा पासून. मंडपाला कळायला चार मात्रा लागल्या. मग मागून कुणीतरी "वन्स मोअर!" ओरडलं आणि सगळा मंडप हसला. शुभांगी थांबली. रेहाना थांबली नाही. तुम्ही शिकवलं होतं ना, थांबायचं नाही. ती मान खाली घालून एकटी वाजवत राहिली आणि गप आला तिथे मोठ्याने मोजलं, "गप!" त्यावर तर लोक आणखीच हसले. पाहुण्यांनी रुमाल तोंडाला लावला.

तुम्ही पुढे झालात, शुभांगीसमोरची प्रत उचललीत, पाहिलीत. एकदाच. मग घडी घालून खिशात ठेवलीत. मी विंगेत होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोठ्या सरांच्या खोलीत बैठक. इतिवृत्त लिहायला मी.

"मास्तर, पोरींना सा कुठं आहे तेसुद्धा कळत नाही?" मोठे सर म्हणाले. "तयारी कुणी घेतली होती?"

"मी."

"मग हे असं कसं झालं?"

तुम्ही खिशावर हात ठेवला. मला वाटलं, आता काढतील. मी पेन कागदावर टेकवून बसले होते.

"माझी चूक," तुम्ही म्हणालात.

मी त्या क्षणी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. त्याऐवजी मी लिहिलं: 'तयारी अपुरी पडली.' त्याच पेनाने. मोठे सर, हे तुम्ही वाचत असाल तर ते वाक्य चुकीचं आहे. तयारी पुरेशी होती. अक्षरं माझी होती. हाच तो चौथा मुद्दा.

पुढचं तर सगळं माझ्याच हातून झालं. संगीताचे आठवड्याचे तीन तास होते, त्यांचा एक करायचं ठरलं. नवीन वेळापत्रक मी आखलं. शनिवार, शेवटचा तास. मुलं त्या वेळी दप्तर भरून बसलेली असतात हे मला ठाऊक होतं. आणि त्या जूनला यादी उतरवताना 'मुकी पट्टी, दुरुस्ती' हा मुद्दा मी गाळला. एकाच तासासाठी मिस्त्री कशाला बोलवायचा, असं मनाला सांगितलं. खरं म्हणजे त्या खोलीतलं काहीच मला वहीत नको होतं. त्यानंतरच्या किती तुकड्या पावणं शोधण्यापलीकडे गेल्या नाहीत, ते मी मोजलेलं नाही. मोजता येईल. हजेरीपट माझ्याच कपाटात आहेत.

तुम्ही एका शब्दानेही कधी विषय काढला नाहीत. शनिवारी जिना चढताना माझ्या दारात थांबायचात. "अक्का, खडू." मी खडू द्यायची. वरून मोजणं यायचं, आता कमी आवाजात. एक, दोन, गप, चार. सात वर्षं मी ते छताखाली बसून ऐकलं. दर गपला वाटायचं, आता बोलावं. मग चार यायचा.

डिसेंबरात तुम्ही शेवटचे शाळेत आलात. शर्ट अंगात ढगळ झाला होता. खुर्चीवर बसलात, असं कधी बसत नव्हता. एक घडी घातलेला कागद पुढे केलात.

"अक्का, हे तुमच्यासाठी. चार ओळी हायत. वाचायच्या."

"मला कुठे येतं वाचायला?"

"तेरा वर्षं खालच्या खोलीत बसून ऐकलंय. येईल की. खाली अक्षरं लिहून घ्यायची न्हाईत. आणि कुणाला वाजवून दाखवायला सांगायचं न्हाय. सातवीतलं पोरगं बी दोन मिनिटांत वाजवंल. मग ते त्याचं वाचन झालं, तुमचं न्हाय."

"परीक्षा घेताय का माझी?"

"व्हय," म्हणालात आणि हसलात. "उशिरा घेतोय."

मी कागद फाइलीत लावला. घडी उघडून वरवर पाहिलं, पाच रेघा आणि टिंबं, आणि वार्षिक तपासणी झाली की बघू असं ठरवलं. जानेवारीत तुमचा फोन आला. आवाज ओळखू येईना. "वाचलं का?" मी म्हटलं, "या रविवारी बसतेच." तुम्ही म्हणालात, "बरं." मग पलीकडे बराच वेळ काहीच नाही. लाइन तुटली समजून मी ठेवायला निघाले तर तुमचा श्वास ऐकू आला. तुम्ही मोजत होता का, सर?

त्या रविवारी मी बसले नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बातमी आली त्या दिवशी मी फाइल उघडली. कागद बाहेर काढला, तेव्हा मागच्या बाजूला काहीतरी हिरवं दिसलं. उलटून पाहिलं. शुभांगीची प्रत. सात वर्षांपूर्वीची, घड्यांवर पिवळी पडलेली. तुमची टिंबं आणि त्यांच्याखाली माझी सुबक अक्षरं. सा, रे, ग, म. शाई जराही उडालेली नाही. तुम्ही ती सात वर्षं जपून ठेवली होती आणि पाठीवर माझ्यासाठी चार ओळी लिहिल्या होत्या, खाली एकही अक्षर न लिहिता.

म्हणजे तुम्ही माझ्यापुढे ती ठेवली होती. मी फक्त उलटायची होती.

शोकसभेत शुभांगीने वाजवलं. ती आता हातकणंगल्याला डी.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. सहाव्या पट्टीवर आली तेव्हा तिने ती दाबली आणि त्या मात्रेला खोलीत नुसता लाकडाचा टक् असा आवाज आला. पुढच्या गपला जुनी मुलं सगळी एकदम पुटपुटली. सुवर्णावहिनींनी डोळ्यांना पदर लावला. नंतर शुभांगीला मी सगळं सांगितलं, कारण हे छापण्याआधी तिला कळायला हवं होतं. तिने मागची बाजू पाहिली. हिरव्या अक्षरांवरून बोट फिरवलं.

"बाई, मला इतकी वर्षं वाटत होतं, मीच घाबरले."

"नाही. मी लिहिलं होतं."

"तेव्हा घरी आठवडाभर कुणी बोललं न्हाई माझ्याशी," ती म्हणाली. मग कागद उलटा केला, चार ओळींवरून नजर फिरवली, आणि तिचा चेहरा बदलला. तिने वाचलं होतं. दोन मिनिटंही लागली नाहीत.

"वाजवून दाखवू?"

"नको."

"काय हाय ते तरी सांगू?"

"गप," मी म्हटलं. ती हसली आणि रडली.

त्यानंतर रोज मधल्या सुट्टीत मी वर जाते. कपाटात तुमचे पुठ्ठे आहेत, एकोणतीस उरलेत. एक घेऊन बसते. लाल ठिपक्यावर बोट ठेवते आणि रेघ, जागा, रेघ, जागा असं चढते. पाचवीतलं मूल जितक्या वेळात ओळ लावतं त्याच्या चौपट वेळ मला लागतो. पेन्सिल खोलीत खालीच ठेवून जाते, हाताचा भरवसा नाही. दारातून मुलं डोकावतात. कालच एक मुलगी दुसरीला म्हणाली, "बाईंना पनिशमेंट हाय वाटतं."

दोन ओळी झाल्या. कुठलं गाणं आहे ते मला अजून ओळखता आलेलं नाही. दुसऱ्या ओळीचं शेवटचं टिंब दुसऱ्या आणि तिसऱ्या रेघेच्या मधल्या जागेत आहे. तीनदा मोजलं. पावणं धरून सहावी. ती मुकी आहे हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तुम्ही लिहिलंत. पियानोशी जाऊन मी ती दाबली. टक्. तिच्या जागी काय ऐकू यायला हवं होतं ते या खोलीत कुणालाच कधी कळलेलं नाही, आणि तेरा वर्षांपूर्वी ते माझ्या यादीत होतं. मिस्त्रीचा पत्ता शोधला आहे. पत्र लिहून झालं आहे, टपालात पडायचं आहे.

आज तिसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. सुरुवातीलाच गप आहे, एवढं मला आता ओळखता येतं. मोजला. त्याच्या पुढचं टिंब कुठल्या रेघेवर बसलंय ते अजून लावायचं आहे.